टोपल्या, नग ८

कार्यानुभवाच्या नोंदी मी २६ वर्षं खोट्या लिहिल्या. गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक विषयाची 'वर्णनात्मक नोंद' करावी लागते. माझा विषय गणित. गणिताच्या नोंदी मी डोकं लावून करायचे. कोण हातचा विसरतं, कुणाला शाब्दिक उदाहरण वाचूनच घाम फुटतो, सगळं लिहायचे. कार्यानुभवाची वेळ आली की मात्र पीडीएफ उघडायची. 'साधनांचा काळजीपूर्वक वापर करतो.' 'उपक्रमात आवडीने भाग घेतो.' 'टाकाऊ वस्तूंपासून शोभेच्या वस्तू बनवतो.' अशी आयती वाक्यं शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतच असतात. मुलगा असेल तर 'करतो' ठेवायचं, मुलगी असेल तर 'करते' करायचं, एवढीच अक्कल लागते. एका वर्षी माझ्याकडून सबंध वर्गाला 'करतो' राहिलं. वर्गात १४ मुली होत्या. तपासणीत ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तासिका आठवड्याला दोन, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. त्या जायच्या कुठे, तर गणिताला. "बाई, आज कार्यानुभव आहे," असं एखादं पोर म्हणालंच, तर "अपूर्णांक हासुद्धा अनुभवच आहे," असं मी म्हणायचे आणि वर्ग हसायचा. सत्राच्या शेवटी वस्तू जमा व्हायच्या. आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या बांगड्यांचं झुंबर, बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी. निम्म्या आयांनी रात्री जागून केलेल्या, उरलेल्या तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेल्या. पूर्वी थर्माकोलचे किल्लेही यायचे. २०१८ साली सरकारनं थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा आमच्या कपाटातले सात प्रतापगड एका दुपारी बाहेर काढावे लागले.

माझ्या आईचं शाळेतलं हातकाम असं नव्हतं. तिची चौथी साधारण १९५४ सालची. तिच्या शाळेवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी होती. ही पाटी अजूनही कित्येक शाळांवर आहे. नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांना ते एखाद्या संस्थेचं नाव वाटतं. खरं तर मूलोद्योगाच्या, म्हणजे एखादा हस्तोद्योग मधोमध ठेवून सगळं शिकवणाऱ्या शाळांची ती खूण. आईला सूत कातायची टकळी होती. रोज कापसाचे पेळू मिळायचे, रोज सूत द्यायचं. आता तिला काल जेवणात काय होतं ते आठवत नाही, पण हिशोब आठवतो. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. मी मध्ये एकदा कागदावर मांडून पाहिलं. ६४० तारा, २५६० फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरहून लांब सूत. हे सांगताना तिचा अंगठा आणि तर्जनी आपोआप टकळी फिरवल्यासारखी फिरतात. मी विचारलं, "त्या सुताचं पुढे काय व्हायचं?" ती म्हणाली, "गुरुजी न्यायचे." कुठे न्यायचे, त्याचं कापड झालं का, ते कुणी नेसलं का, हे तिला सत्तर वर्षांत कळलेलं नाही.

या टकळीमागचा सगळा पसारा मी डी.एड.ला परीक्षेपुरता पाठ केला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिनं झाकिर हुसेन यांची समिती नेमली आणि डिसेंबरात अहवालही आला. (दोन महिन्यांत अहवाल! आमच्याकडे गळक्या छताचा प्रस्ताव पंचायत समितीतून परत यायलाही जास्त वेळ लागतो.) त्या अहवालातलं वेळापत्रक पाहून मी तेव्हा चिडले होते. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०. आणि गणित कुठे, तर संगीत आणि चित्रकला यांच्या रांगेत, तिघांना मिळून ४० मिनिटं. गणिताला असं दाटीवाटीनं बसवलेलं मला अजिबात आवडलं नाही. उत्तर असं होतं की वेगळं गणित हवंच कशाला, ते सुतातून येईल, कापसाच्या वजनातून येईल. याला 'समवाय' म्हणायचे. 'समवाय पद्धतीचे गुणदोष लिहा', पाच गुण. मी गुण चार ओळींत आणि दोष दहा ओळींत लिहिले होते.

दोष होतेच. मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा ही गांधीजींची अपेक्षा तेव्हाही अनेकांना खटकली होती. मग तो वर्ग की कारखाना, असं लोकांनी विचारलं आणि ते विचारण्यात काही चूक नव्हती. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' आणला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याच गोष्टीला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भलंमोठं नाव दिलं. नाव लांबत गेलं आणि वेळ आखडत गेला. रोजच्या ३ तास २० मिनिटांची आठवड्याला सत्तर मिनिटं झाली आणि त्या सत्तर मिनिटांवर माझ्यासारखी गणिताची बाई टपून बसलेली.

तर अशी मी. मला हातकामाची ओढ लागून काही घडलं नाही, कागद आला म्हणून घडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक कलम आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी कधीतरी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा माणसांकडून काम शिकावं. कागद खाली उतरत उतरत आमच्या शाळेत पोचला तेव्हा मुख्याध्यापकांनी सभा घेतली. "आपल्या गावात कोण आहे?"

मोजायला बसलो. सुतार आता शहरात प्लायवूडच्या कपाटांना सनमायका चिकटवतात. कुंभारांनी कधीच वीटभट्टी धरली. लोहाराचा भाता मी या गावात आले तेव्हाच बंद होता. उरली बुरूडआळी, म्हणजे कळकाच्या (बांबूच्या) टोपल्या-सुपं विणणाऱ्यांची आळी. तिथे तीन घरं, त्यातल्या एकाच घरात अजून काम चालतं आणि तेही एकटी आजी करते. तिचा नातू माझ्याच वर्गात, सातवीत. मला वाटलं, किती सोयीचं झालं.

"पण कोयता शाळेत आणायचा नाही," मुख्याध्यापक म्हणाले. त्या दिवसांत पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या रोज पेपरात होत्या. "उद्या फोटो आला तर कोण निस्तरणार?" मी म्हटलं, सर, कळक काय पट्टीनं फाडणार? शेवटी असं ठरलं की कोयती आजींच्याच हातात राहील आणि मुलांनी पाच फुटांवर बसायचं. स्वीडनमध्ये नेस नावाच्या ठिकाणी ऑटो सालोमन एकोणिसाव्या शतकात शिक्षकांना हस्तव्यवसाय शिकवायचे. त्यांच्या क्रमात पोराच्या हातात पहिलं हत्यार चाकू द्यायचा. आमच्याकडे पहिलं हत्यार फेविकॉल.

आजींच्या घरी गेले. दारात कळकाच्या ओल्या कामट्या, एका बाजूला कोंबड्यांची डालगी, दोन-तीन सुपं, काठ न बांधलेली एक टोपली. मला वाटलं होतं की शाळेचं नाव काढल्यावर त्या संकोचतील. त्यांनी विचारलं, "पोरं किती?"

"एकतीस."

"मग कळक कोण आणणार?"

कळक मी आणले, एका पालकाच्या बांधावरून, चार. वार ठरवला शनिवार, कारण शनिवारी सकाळची शाळा असते आणि दप्तर तसंही हलकं असतं. सलग दोन शनिवार. आजी एवढंच म्हणाल्या, "शनवार? बरं." त्या 'बरं'च्या आधी त्या क्षणभर थांबल्या होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या शनिवारी त्यांनी नुसता कळक फाडून दाखवला. टोकाला कोयती टेकवली, वर एक ठोका, चीर पडली, आणि मग कोयती बाजूला ठेवून हातांनीच दोन फाका ओढत गेल्या. कागद फाटावा तसा आवाज. मग दोनाच्या चार, चाराच्या आठ. कोयतीचं काम ठोक्यापुरतंच असल्यानं मुख्याध्यापकांचा चेहरा सैल झाला आणि पाच फुटांचं अंतर हळूहळू एक फुटावर आलं. आजींनी तयार चिरलेली टोकं मुलांच्या हातात दिली.

इथे पहिली गंमत झाली. फाडताना चीर मधोमध राहत नाही, एका बाजूला पळते. एक फाक जाड होत जाते, दुसरी बारीक, आणि शेवटी बारीक फाक निखळून हातात येते. मुलं बारीक बाजू सावरायला बघत होती. मीही तेच केलं असतं. नाजूक बाजूला आधार द्यायचा, असं कुणालाही वाटेल. आजी म्हणाल्या, "तिला सोड. जाड्याला वाकीव." जाड फाक जास्त वाकवली की चीर वळून परत मध्ये येते. मी करून पाहिलं. चीर खरंच वळते, गाडी वळवावी तशी. का वळते ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही आणि अर्ध्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं, कारण 'का' विचारण्याची सवय त्यांना मीच लावलेली. घरी जाऊन विचार केला. जी बाजू जास्त वाकते तिच्याकडे चीर ओढली जाते. आजींना हे वाक्य असं मांडता आलं नसतं, पण त्यांचे हात साठेक वर्षं तेच वाक्य म्हणत होते.

कामटीची पाठ कुठली, पोट कुठलं, हेही त्या दिवशी झालं. हिरवी चकचकीत पाठ चिवट, आतला पांढरा गर ठिसूळ. गर काढून टाकायचा, पाठ ठेवायची. दोन बोटं कापली. आजींनी हळद मागवली, मी बॅन्डएड लावलं.

हजेरी घेताना एक 'अ' लागला होता. आजींचा नातू आला नव्हता. पोरांना ताप येतो, पोटात दुखतं. मी पुढे गेले.

दुसऱ्या शनिवारी विणकाम. कामट्या आडव्या-उभ्या एकमेकींवर ठेवून बूड करायचं, टोकं वर वळवायची आणि एक लांब बारीक कामटी त्यांच्यातून एक आत, एक बाहेर अशी फिरवत न्यायची. आजींनी करून दाखवलं आणि त्या चहा घ्यायला बसल्या. मुलांनी गट केले. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, जिची वही मी दुसऱ्यांना दाखवायला नेते, तिच्या गटानं सगळ्यात नीट बूड केलं. आठ कामट्या, सारख्या अंतरावर, टोकं सोळा. पहिला फेरा सुरेख झाला. दुसरा सुरू झाला आणि ती थांबली. कामटी पुन्हा त्याच टोकांच्या आतून आणि त्याच टोकांच्या बाहेरून जात होती. तिसऱ्या फेऱ्यालाही तेच. विण बसेचना, नुसती वेटोळी एकावर एक. दाबली की घसरून खाली येत होती.

"आजी, हे असं का होतंय?"

आजींनी बशी खाली ठेवली, वरवर नजर टाकली. "जोडी जुळलीया. मोड ती." एक कामटी घेतली, नखानं टोक उभं चिरलं, सोळाची सतरा केली. पुढचा फेरा आपोआप उलटा पडला. जिथे आत होती तिथे बाहेर, जिथे बाहेर तिथे आत. विण धरली.

मी तिथेच खाली बसले. २६ वर्षं मी सम आणि विषम शिकवलं. दोननं भाग जातो ते सम, बाकी एक उरते ते विषम, म्हणा सगळे. त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर 'पुढे लागतं' म्हणायचे. सोळा टोकं असतील तर एक आत, एक बाहेर करत फेरा पूर्ण झाल्यावर सतराव्या पावलाला तुम्ही पुन्हा पहिल्या टोकाशी 'आत'च येता. टोकं सतरा असतील तर अठराव्या पावलाला पहिल्या टोकाशी येता ते 'बाहेर'. ती जी एक बाकी उरते तिच्यावर टोपली उभी राहते. हे मी फळ्यावर काढलं, मुलांनी वहीत नाही, जमिनीवर खडूनं काढलं. मग एकानं विचारलं, "बाई, पंधरा चालतील?" चालतील. "एकोणीस?" चालतील. "अठरा, पण दोन कामट्यांनी विणलं तर?" मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चालतंय की. एकीमागं एक सोडायची." पोरगं तिथल्या तिथे करायला बसलं.

समवाय. पाच गुण. दहा ओळींत लिहिलेले सगळे दोष मी मनातल्या मनात मागे घेतले, निदान त्या दिवसापुरते.

शाळा सुटताना कार्यक्रम झाला. मुख्याध्यापकांनी आजींना शाल घातली, नारळ दिला, 'लोप पावत चाललेली आपली समृद्ध परंपरा' यावर पाच मिनिटं बोलले, फोटो काढला आणि तो लगेच केंद्राच्या गटावर टाकला. मी आजींना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या शालीची घडी घालत म्हणाल्या, "बाई, ह्याचं मी काय करू? माझं दोन बाजार मोडलं."

तालुक्याचा आठवडी बाजार शनिवारी असतो. मी त्या गावात ११ वर्षं राहते, दर शनिवारी दुपारी त्याच बाजारातून भाजी आणते. आजींचा आठवडाभराचा माल त्याच दिवशी विकला जातो, मागे राहिलेला माल सुकतो, वाकतो. दोन शनिवार मी त्यांच्याकडून फुकट घेतले होते आणि वर नारळ दिला होता. माझे दोन्ही शनिवार मात्र पगारी होते.

सोमवारी त्या हुशार मुलीचे वडील आले. माणूस सभ्य, आवाज चढवला नाही. "बाई, पुढच्या वर्षी तिची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. टोपल्या विणायला पाठवायचं असतं तर शाळेत कशाला घातली असती?" मी त्यांना सतराचं गणित सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण टोपल्या आमच्यात विणत नाहीत." 'आमच्यात' हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. मला हेडगुरुजींच्या शालीहून तोच शब्द जास्त खरा वाटला.

आणि नातू. तो मंगळवारी आला. मधल्या सुट्टीत त्याला पाणी भरायला पाठवायच्या निमित्तानं थांबवलं. ताप नव्हता, काही नव्हतं. दोन्ही शनिवार तो ओढ्याला जाऊन बसला होता. मी म्हटलं, अरे, तुझी आजी किती छान शिकवत होती, तू असतास तर सगळ्यांना दाखवलं असतंस. तो बराच वेळ बादलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजीला बोलवायचं होतं तर आधी मला विचारायचं, बाई."

इतिहासाच्या तासाला आम्ही बलुतेदार-अलुतेदारांची नावं पाठ करून घेतो. सहाव्या तासाला समता शिकवतो. एकतीस पोरांच्या वर्गात एकाच पोराच्या घराचं काम बाईंनी सगळ्यांसमोर मांडलं, तर त्या पोराला ते कौतुक वाटेल की आणखी काही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं हे खरं. पण मला कळायला हवं होतं हेही खरं.

शाळेत पारंपरिक हस्तकला हवी असं आवेशानं म्हणणाऱ्यांना मी अलीकडे मद्रासची गोष्ट सांगते. १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारनं तिथल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळांची वेळ कमी केली. पोरांनी तीन तास शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. कागदावर त्यात वाईट काय आहे? न्हाव्याच्या पोरानं वस्तरा, चांभाराच्या पोरानं आरी, आणि ज्याच्या घरी वह्याच आहेत त्यानं वह्या. पेरियार आणि इतरांनी त्याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव ठेवून रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजींनी मुख्यमंत्रिपद सोडलं, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. बरं झालं. फिनलंडमध्ये १८६६ पासून शाळांत हातकाम सक्तीचं आहे, उनो सिग्नेउस यांनी ते आणलं. तिथे ते टिकलं याची कारणं पुष्कळ असतील. पण तिथल्या पोराच्या हातातला रंधा त्याचं आडनाव सांगत नाही. आमच्याकडची कामटी सांगते. त्यामुळे आमच्याकडे हे नुसतं 'आणा' म्हणून येणार नाही.

आमच्याकडे जमलेलंही आहे, नाही असं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून जे सुरू केलं, त्यात पोरं वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती सगळं करतात, सगळीच सगळं करतात, मुलीही, आणि गावाला लागणारी कामं करत शिकतात. तिथे शाल नसते, काम असतं.

माझ्या हाती जेवढं होतं तेवढं मी पुढच्या वर्षी केलं. नातू आठवीत गेला होता, शेजारच्या गावच्या हायस्कूलला. एका संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर गाठला. म्हटलं, यंदाही करायचं मनात आहे. आधी तुला विचारायला आलेय.

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. एसटी आली, माणसं उतरली, गेली. मग म्हणाला, "शनिवारी नाही."

"नाही. बुधवार-गुरुवार."

"आजीचे दिवसाचे पाचशे."

"बरं."

"मी पण येईन. आजीला सगळ्यांकडे बघायला होत नाही. माझे तीनशे."

मी हो म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. बुधवारी हायस्कूलचा गणवेश घालूनच आला. आपल्या धाकट्या भावंडांना दरडावून शिकवावं तसं त्यानं नव्या सातवीला शिकवलं. "जाड्याला वाकीव म्हटलं ना?" आजी भिंतीला टेकून काठ बांधत होत्या. बुधवारी विणकाम झालं, गुरुवारी काठ बांधून झाले. पोरांच्या आठ टोपल्या कशाबशा उभ्या राहिल्या, एकही सरळ नव्हती.

दोन दिवसांचे दोघांचे मिळून १६०० रुपये. हे कुठल्या शीर्षाखाली घालायचे? शाळा अनुदानात खडू बसतो, फिनेल बसतं, झाडू बसतो. शिकवायला आलेल्या बुरूड बाईची मजुरी कशात बसत नाही. लिपिक म्हणाले, पाहुण्यांचा सत्कार म्हणून दाखवा, शाल-श्रीफळ बसतं. मी म्हटलं, शाल नको. चौदा पूर्ण न झालेल्या पोराच्या नावानं पैसे काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून त्याचे तीनशेही आजींच्याच नावावर धरले. व्हाउचरवर लिहिलं: 'वर्गांसाठी कचरा टोपल्या, नग ८, दर २००.' सात वर्ग आणि एक ऑफिस, आठ. शाईचं पॅड पुढे केलं तर आजींनी ते बाजूला सारून पेन मागितला. साक्षरता अभियानात शिकलेली सही, अक्षरं माझ्यापेक्षा सुटी आणि ठळक. मी पॅड मिटून ठेवलं.

पोरांच्या त्या आठ वाकड्या टोपल्या खरंच एकेका वर्गात ठेवल्या, म्हणजे खोटं अगदीच खोटं राहू नये. वर्षाअखेर लेखापरीक्षणाला दोघे साहेब आले. व्हाउचर काढलं, ऑफिसच्या कोपऱ्यातली टोपली उचलून पाहिली, बुडाची टोकं उगाच बोटानं मोजल्यासारखी चाचपली.

"दोनशे जरा जास्तच दिलेत, बाई," दोघांतले एक म्हणाले. "बाजारात दीडशेला सरळ मिळते."